आरेत रोज फेरी, मग बीपीची गोळी कशाला?

१९४९ मध्ये दूध वसाहत म्हणून उभी राहिलेली आरे कॉलनी आज गोरेगाव-मरोळकडच्या लोकांची सकाळी फिरायची हक्काची जागा आहे. छोटा काश्मीरच्या दिशेने निघालेल्या ज्येष्ठांच्या गप्पांत गुडघे, बीपी, शुगर आणि विसरणं हे विषय असतातच. बीपी आणि विसरण्याचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे मात्र सहसा कुणाच्या मनात येत नाही. गैरसमजांचं मूळ तिथेच आहे.

गैरसमज १ : अल्झायमरचा रक्तवाहिन्यांशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : अल्झायमरमध्ये अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं मेंदूत साचतात, हे खरं. पण त्या मेंदूचं कामकाज रक्तपुरवठ्यावरच चालतं. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. अमेरिकेतल्या वयोवृद्ध नन्सच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यूनंतर १०२ जणींचे मेंदू तपासले, तेव्हा ६१ जणींत अल्झायमरच्या खुणा आढळल्या. त्यांतल्या ज्यांच्या मेंदूत रक्ताअभावी मेलेला भाग नव्हता, त्यांच्यापैकी ५७ टक्के जणींना हयातीत डिमेन्शिया होता. ज्यांच्या मेंदूत खोलवर असे बारीक ठिपके होते, त्यांच्यात हेच प्रमाण ९३ टक्के होतं.

गैरसमज २ : झटका आला नाही, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्या ठणठणीत.

वस्तुस्थिती : हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं तर घरच्यांच्या लगेच लक्षात येतं. बारीक रक्तवाहिनी बंद पडली तर बरेचदा काहीच कळत नाही. एमआरआय काढल्यावरच ते दिसतं. अशा जागा वाढत गेल्या की विचार मंदावतो, हिशेब किंवा स्वयंपाकाची आखणी जमेनाशी होते, चाल बिघडते. वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांनी या वाहिन्यांच्या भिंती खराब होतात.

गैरसमज ३ : एक तर अल्झायमर, नाहीतर रक्तवाहिन्यांमुळे झालेला डिमेन्शिया. दोन्ही एकत्र नसतात.

वस्तुस्थिती : उतारवयात दोन्ही एकत्र असणं अगदी सर्रास आढळतं. अमायलॉइड अनेकदा रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही साचतं. त्या ठिसूळ होतात आणि सूक्ष्म रक्तस्राव होऊ शकतो. म्हणूनच अमायलॉइड काढून टाकणारी लेकॅनेमॅबसारखी नवी औषधं देण्याआधी आणि देताना एमआरआय करतात. या औषधांनी मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका असतो.

गैरसमज ४ : आरेत रोज फेरी मारतो, मग गोळी कशाला?

वस्तुस्थिती : चालणं चांगलंच, ते सोडू नका. पण चालूनही बीपी चढा राहू शकतो आणि तो मोजल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या ९,३६१ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वरचा बीपी १४० च्या आत ठेवण्याऐवजी १२० च्या आत आणायचं उद्दिष्ट ठेवलेल्या गटात स्मरण आणि आकलन किंचित घसरण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळलं. डिमेन्शियाही कमी दिसला, पण तो फरक ठाम निष्कर्ष काढण्याइतका नव्हता. याचा अर्थ प्रत्येकाने १२० गाठावं असा नाही. कुणासाठी किती योग्य, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. बीपी फार उतरला तर चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

गैरसमज ५ : अल्झायमरचं निदान झालं, आता बीपी-शुगर बघून काय उपयोग?

वस्तुस्थिती : साचलेली प्रथिनं बीपीच्या गोळीने जात नाहीत. पण आधीच थकलेल्या मेंदूला नवा झटका परवडत नाही, आणि तो टाळण्याचे उपाय हाताशी आहेत. अडचण वेगळीच असते : रुग्ण गोळी घ्यायला विसरतो किंवा घेतल्याचं विसरून पुन्हा घेतो. गोळ्यांचा डबा घरच्या एकाने आपल्या ताब्यात ठेवावा आणि बीपीची नोंद वहीत करावी. काल बरा असलेला माणूस आज अचानक गोंधळला, बोलताना अडखळला, तर ‘आजारच वाढला’ असं समजून थांबू नका. तो झटका असू शकतो. लगेच रुग्णालय गाठा.

‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया १४ टाळता येण्याजोग्या कारणांशी जोडलेले आहेत. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान ही त्यांतलीच. वय आणि आनुवंशिकता आपल्या हातात नाही. बीपी मोजणं आणि औषध वेळेवर घेणं आहे. हे विसरणं सुरू होण्याची वाट न पाहता चाळिशीतच सुरू केलेलं बरं.