परीक्षकासमोर ‘ठीक आहे’ म्हणणारा सैनिक

इराकमध्ये दोनदा तैनात राहून आलेला एक अमेरिकी माजी सैनिक डॉक्टरांसमोर बसला आहे, असे समजू. वय पंचेचाळीसच्या आसपास. दाढी केलेली, शर्टाला कडक इस्त्री, आणि ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधीच तो हजर. डॉक्टर विचारतात, ‘कसे आहात?’ तो सवयीने म्हणतो, ‘ठीक आहे.’ आठवड्यातून चार-पाच वेळा तो रात्री तीनला उठून दारांची कुलपे तपासतो. गेल्या दीड वर्षात त्याच्या दोन नोकऱ्या सुटल्या. मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमाला तो जात नाही, कारण तिथे गर्दी असते. यातले काहीच तो सांगत नाही. थोड्या वेळात तपासणी संपते आणि डॉक्टरांच्या अहवालात ‘नीटनेटका, सहकार्यशील’ असे शब्द उमटतात.

हा माणूस काल्पनिक असला तरी प्रसंग अगदी नेहमीचा आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या कल्याणाचे काम ‘डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स’ म्हणजे ‘व्हीए’ हा सरकारी विभाग पाहतो. लष्करी सेवेमुळे जडलेल्या किंवा बळावलेल्या आजारासाठी हा विभाग दरमहा करमुक्त भरपाई देतो. भरपाई किती, हे टक्क्यांवर ठरते. गुडघा किती वाकतो, कानाला किती ऐकू येते, हे मोजता येते. मनाचे मोजमाप कसे करायचे, हा खरा पेच आहे.

मनाच्या आजारांसाठी व्हीएच्या नियमावलीत सहा पायऱ्या आहेत : 0, 10, 30, 50, 70 आणि 100 टक्के. नैराश्य असो, चिंताविकार असो की युद्धाच्या आघातानंतर होणारा ‘पीटीएसडी’ हा तणावविकार असो, जवळपास सर्वांना एकच सूत्र लागू होते. त्यामुळे एकाच माणसाला पीटीएसडी आणि नैराश्य दोन्ही असले, तरी एकाच लक्षणाबद्दल दोनदा टक्के मिळत नाहीत. हे सूत्र दुःख किती खोल आहे हे विचारत नाही. आजारामुळे माणसाचे काम आणि नातीगोती किती विस्कटली, हे ते विचारते. कामाची उमेद आणि नियमितपणा घटला असेल तर साधारण 50 टक्के. काम, कुटुंब, विचारशक्ती, मनःस्थिती अशा बहुतेक आघाड्यांवर पडझड असेल तर 70. काम आणि सामाजिक जीवन दोन्ही पूर्ण ठप्प झाले असेल तर 100.

प्रत्येक पायरीसमोर लक्षणांची यादी दिलेली असते. ती वाचून अनेक जण आपल्यात नेमकी तीच लक्षणे शोधत बसतात. पण ती यादी उदाहरणादाखल आहे, तिथले प्रत्येक लक्षण दिसलेच पाहिजे असे नाही, असे माजी सैनिकांच्या दाव्यांसाठीच्या अमेरिकी अपील न्यायालयाने 2002 मध्ये स्पष्ट केले. केवळ तपासणीच्या क्षणी माणूस कसा दिसला यावर निर्णय घेऊ नये; त्रास किती वेळा होतो, किती तीव्र असतो, किती काळ टिकतो हे पाहावे, असे नियमच सांगतो. म्हणूनच इस्त्रीचा शर्ट घालून आलेल्या माणसाच्या बाबतीत पत्नीचे लेखी निवेदन, जुन्या सहकाऱ्याचे पत्र आणि उपचारांच्या नोंदी यांना मोल असते. जे तो स्वतः बोलत नाही, ते हे कागद बोलतात.

युद्धाची ही जखम मान्य व्हायलाही वेळ लागला. पहिल्या महायुद्धात तिला ‘शेल शॉक’ म्हटले गेले, दुसऱ्या महायुद्धात ‘लढाईचा थकवा’. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रेटा लावल्यावर 1980 मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानग्रंथात पीटीएसडी हे नाव आले. तरीही विशिष्ट हल्ल्याचा पुरावा जुन्या लष्करी कागदांत शोधावा लागे. 2010 मध्ये व्हीएने ही अट सैल केली. शत्रूच्या किंवा दहशतवादी हल्ल्याची भीती सेवेच्या ठिकाणाशी आणि परिस्थितीशी जुळत असेल आणि व्हीएच्या मानसतज्ज्ञाने तिला दुजोरा दिला असेल, तर सैनिकाचे स्वतःचे कथन पुरेसे ठरू लागले.

टक्के मिळाले तरी दुसरा प्रश्न उरतो, नोकरीचा. 70 टक्के मिळालेला माणूस नोकरी करू शकतो. त्याला बंदी नाही. पण सेवेमुळे झालेल्या आजारापायी नोकरी टिकवणेच अशक्य झाले, तर 100 टक्क्यांच्या दराने भरपाई देण्याची एक तरतूद आहे. त्यासाठी साधारणपणे एकाच आजाराचे किमान 60 टक्के, किंवा अनेक आजार मिळून 70 आणि त्यांतला एक किमान 40 टक्के असावा लागतो. ही बेरीज शाळेतल्या बेरजेसारखी नसते. 50 आणि 30 मिळून 80 होत नाहीत. पन्नास टक्के क्षमता गेल्यावर उरलेल्या पन्नासातून तीस टक्के, म्हणजे पंधरा, आणखी वजा होतात. एकूण 65, आणि जवळच्या दहात नेल्यावर 70.

इथे वयाचा विचार होत नाही आणि सेवेशी संबंध नसलेले आजारही धरले जात नाहीत. नाममात्र कमाई आड येत नाही. दारिद्र्यरेषेखाली राहणारे उत्पन्न, किंवा भावाच्या दुकानात सांभाळून घेतले जाते म्हणून टिकलेले काम, ही खरी नोकरी मानली जात नाही. मात्र नोकरी कशी सुटली, हे महत्त्वाचे ठरते. अर्जात शेवटच्या पाच वर्षांतल्या नोकऱ्यांचा तपशील द्यावा लागतो आणि जुन्या मालकांकडूनही माहिती मागवली जाते. वरिष्ठांशी भांडण होऊन रागाच्या भरात दिलेल्या राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारण’ एवढेच लिहिलेले असते. तो राग हेच आजाराचे लक्षण होते, हे नंतर सिद्ध करताना दमछाक होते. डॉक्टरांशी आधी बोलून, वैद्यकीय रजा घेऊन, कारण नोंदवून घेतलेला निर्णय वेगळा ठरतो. अमेरिकेत 1993 च्या कायद्यानुसार पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पात्र कामगाराला वर्षाला 12 आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते. तिला बिनपगारी असण्याची मर्यादा आहे, पण तेवढ्यात नोकरी शाबूत राहते आणि विचार करायला सवड मिळते.

आणखी एक गफलत नेहमी होते. तिथल्या सामाजिक सुरक्षा विभागाची अपंगत्व योजना पूर्णपणे वेगळी आहे. तिथे टक्के नसतात. माणूस भरीव काम करू शकतो की नाही, एवढाच प्रश्न असतो आणि आजार किमान वर्षभर टिकणारा असावा लागतो. व्हीएने 100 टक्के दिले म्हणून इथे होकार मिळेलच असे नाही. 27 मार्च 2017 नंतरच्या अर्जांत तर हा विभाग व्हीएच्या निर्णयाला बांधील नाहीच, त्याचे विश्लेषणही करत नाही. फक्त त्यामागची वैद्यकीय कागदपत्रे पाहतो.

या व्यवस्थेवर एक आक्षेप सतत घेतला जातो : पैसे मिळू लागले की माणूस आजार धरून बसतो. त्यावर संशोधन झाले आहे. पीटीएसडीसाठी दावा केलेल्या माजी सैनिकांचा अनेक वर्षांनी पुन्हा मागोवा घेणारा एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. भरपाई मंजूर झालेल्यांची लक्षणे, दावा नाकारलेल्यांच्या तुलनेत, अधिक कमी झाली होती. त्यांच्यात गरिबी आणि बेघर होण्याचे प्रमाणही कमी होते. घरभाड्याची चिंता मिटली की उपचारांना जागा मिळते, असा याचा सरळ अर्थ लावता येतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. काम हे अनेकांसाठी औषध असते. दिवसाला आकार येतो, चार माणसे भेटतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पीटीएसडी असलेले 541 बेरोजगार माजी सैनिक सहभागी होते. निम्म्यांना तात्पुरत्या, आखून दिलेल्या कामांवर नेमण्याची जुनी पद्धत लागू केली. उरलेल्यांसाठी उपचार करणाऱ्या चमूतच एक रोजगार सल्लागार होता. त्या माणसाच्या आवडीची खुली नोकरी शोधायची आणि ती मिळाल्यावरही पाठीशी राहायचे, हे त्याचे काम. दीड वर्षात या दुसऱ्या गटातील सुमारे 39 टक्के लोक स्थिर नोकरीत टिकले. पहिल्या गटात सुमारे 23 टक्के. आजार आधी पूर्ण बरा व्हावा, मग नोकरी, हा क्रम अपरिहार्य नाही, हे यातून दिसले. ही भीती नियमांनीही थोडी कमी केली आहे. नोकरी अशक्य म्हणून पूर्ण दराची भरपाई मिळणाऱ्याने पुन्हा काम धरले, तर केवळ त्या कारणाने भरपाई कमी करण्याआधी ती नोकरी सलग 12 महिने टिकलेली असावी लागते.

सातारा-कोल्हापूरच्या सैनिकी परंपरेच्या गावांना हा प्रश्न परका नाही. भारतीय सैन्यात ‘शेप’ नावाची वैद्यकीय श्रेणी असते आणि तिचे पहिलेच अक्षर मानसिक स्वास्थ्यासाठी आहे. आपल्याकडेही वादाचा मुद्दा तोच : आजार सेवेमुळे झाला का, किंवा सेवेने तो बळावला का? भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच उद्भवल्याचे गृहीत धरण्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या धरमवीर सिंग खटल्यात कौल दिला. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर 2023 मध्ये सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘टेली-मानस’चा खास कक्ष सुरू झाला. या राष्ट्रीय सेवेचा क्रमांक 14416. अमेरिकेत अशाच वेळी 988 लावून 1 दाबायचे असते.

जिथे तक्रार न करणे हा गुण मानला जातो, तिथे घडलेल्या माणसाला स्वतःची पडझड सांगणे लढाईइतकेच जड जाते. म्हणून तपासणीच्या आधी एक साधी गोष्ट करण्यासारखी आहे : महिनाभराची वही. किती रात्री झोप झाली नाही, कोणत्या दिवशी कामावर जाता आले नाही, कुणावर आवाज चढला, कुठे जायचे टाळले. घरातल्या माणसानेही त्यात आपल्या नोंदी कराव्यात. मग डॉक्टरांनी ‘कसे आहात?’ विचारल्यावर तोंडून ‘ठीक आहे’ निघालेच, तरी ती वही पुढे करता येते.