सुयाक : नाव कोणाचे आणि गाव कोणाचे?

आपल्या बेटाच्या दक्षिणेस, सावान नदी जिथे समुद्राला मिळते तिथे सुयाक गाव वसले आहे. सावान जिल्ह्याचे हे मुख्य गाव. सुयाक हे नाव आपण रोज घेतो. पण ते आले कोठून, असे मुलांनी विचारले तर किती पालकांना उत्तर देता येईल?

१७७९ ते १७८७ या काळात व्हिकोंत द सुयाक हे फ्रेंच सरदार येथे गव्हर्नर होते. पुढे भारतात पाँडिचेरीचा कारभारही त्यांनी पाहिला. त्यांच्या नावावरून नदीच्या मुखाशी असलेल्या बंदराला पोर सुयाक म्हणू लागले. नवलाची गोष्ट अशी की, फ्रान्समध्ये दोर्दोन्य नदीच्या परिसरातही याच नावाचे एक जुने गाव आहे.

त्या काळी सावानमध्ये चांगले रस्ते नव्हते. कारखान्यांची साखर येथून लहान गलबतांत भरून पोर्ट लुईला जाई. १८७८ साली रोझ बेलहून सुयाकपर्यंत लोहमार्ग आला. साखरेची पोती डब्यांतून जाऊ लागली आणि बंदराची वर्दळ हळूहळू ओसरली. स्टेशन हेच मग गावाचे नाक बनले. रेल्वेनेही फार काळ साथ दिली नाही. १९५६ साली प्रवासी गाड्या थांबल्या आणि १९६४ साली मालगाड्याही. तरी सुयाक हे नाव मात्र टिकले.

वाचक बंधुभगिनींनो, यात एक गोष्ट आम्हाला सलते. स्टेशनांच्या पाट्यांवर गव्हर्नरांची नि मळेवाल्यांची नावे झळकली. १८३४ पासून भारतातून आलेल्या ज्या मजुरांनी ऊस तोडला, पोती वाहिली, त्यांची नावे कोणत्याच पाटीवर आली नाहीत. मुंबई बंदरातून आलेले आपले मराठी पूर्वजही त्या मजुरांतलेच.

पाटीवरचे नाव बदला, असे आमचे म्हणणे नाही. सुयाक हे नाव आता आपलेही आहे. परंतु बांधाला, ओढ्याला, मळ्यातल्या वस्तीला आपले आजे-आजी जी नावे देत, ती कोणत्याही नकाशात सापडत नाहीत. ती फक्त वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत. येत्या रविवारी मुलांना वही-पेन्सिल देऊन त्यांच्याजवळ बसवा आणि ती नावे उतरवून घ्या. आज विचारले नाही तर उद्या सांगणारे कोणी उरणार नाही.