छतावरची वीज आणि अनुदानाचे गणित

घराचे वीजबिल कमी करण्यासाठी भारत सरकार सर्वांत मोठे थेट अनुदान देते ते छतावरच्या सौर यंत्रणेसाठी. प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांच्या छतांवर पॅनेल बसवण्याचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असलेली ही योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आखलेली आहे. नावातल्या ‘मोफत वीज’ या शब्दांमुळे सरकार दरमहा ३०० युनिटचे बिल भरते असा अनेकांचा समज होतो. तसे नाही. सरकार यंत्रणेच्या खर्चातला वाटा उचलते, वीज मात्र घराच्या छतावरच तयार व्हावी लागते.

अनुदान ठरते ते यंत्रणेच्या क्षमतेवर. पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला ३०,००० रुपये मिळतात आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,०००. म्हणजे एक किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीनला ७८,००० रुपये. पुढे क्षमता कितीही वाढवली तरी रक्कम ७८,००० वरच थांबते. पाच किलोवॉटच्या बंगल्याला आणि तीन किलोवॉटच्या घराला सारखेच अनुदान मिळते. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे: मानक किमतीच्या साठ टक्के मदत लहान यंत्रणेला, त्यापुढच्या एका किलोवॉटला चाळीस टक्के आणि मोठ्या वापरासाठी शून्य. सार्वजनिक पैसा मध्यमवर्गीय आणि त्याहून लहान घरांकडे वळवण्याचा हा मार्ग योग्यच म्हणायला हवा.

म्हणूनच किती किलोवॉट घ्यायचे हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ठरतो आणि त्याचे उत्तर छताच्या आकारात नसून वीजबिलात असते. महाराष्ट्रात एक किलोवॉटची यंत्रणा महिन्याला सरासरी १२० युनिट वीज देते. बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्याची सरासरी काढावी. समजा ती ३०० युनिट आहे. या हिशेबाने अडीच किलोवॉट लागतात. पण त्याआधी घरात नजर टाकलेली बरी. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालत असतील, तर ते बदलून महिन्याला सुमारे ६५ युनिट वाचतात. वापर २३५ वर येतो आणि दोन किलोवॉट पुरतात. चार पंख्यांनी अर्ध्या किलोवॉटच्या पॅनेलचा खर्च टळला, आणि टळला तो नेमका कमी अनुदानाचा भाग.

खेदाची गोष्ट अशी की पंखा, फ्रिज किंवा एसी बदलणाऱ्याला या योजनेत काहीच मिळत नाही. अशा उपकरणांसाठी केंद्राने वेगळी वाट धरली. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकने ग्राहकाला निवड करायला मदत करतात. पंख्यांना ती २०२३ पासून सक्तीची झाली. एलईडी दिव्यांच्या बाबतीत २०१५ च्या उजाला योजनेने अनुदान न देताच काम साधले. ईईएसएल या सरकारी कंपनीने दिवे एवढ्या मोठ्या संख्येने एकगठ्ठा विकत घेतले की २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपये असलेली खरेदी किंमत २०१६ पर्यंत चाळिशीच्या खाली आली. पंख्यांनाही अशी मोठी खरेदी लाभली, तर सौर अनुदानाचा प्रत्येक रुपया अधिक कामी येईल.

अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा असतो. बिलावरचा ग्राहक क्रमांक आणि मोबाईल एवढ्यावर नोंदणी होते. दहा किलोवॉटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट आता नाही. नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच यंत्रणा बसवावी लागते, आणि पॅनेलबरोबर त्यातले सेलही देशी बनावटीचे असावे लागतात. स्वस्त पडते म्हणून आयात सेलचे पॅनेल घेतले तर अनुदान हातचे जाते; त्यामुळे कोटेशनमध्ये हे स्पष्ट लिहून घ्यावे. बसवल्यावर वितरण कंपनी तपासणी करून नेट मीटर लावते, आणि त्यानंतर रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. म्हणजे सुरुवातीला पैसे उभे करावे लागतातच. त्यासाठी सार्वजनिक बँका तारण न घेता, कमी व्याजाने कर्ज देतात.

नेट मीटर दोन्ही बाजूंची मोजणी करतो: ग्रिडमधून घेतलेली वीज आणि ग्रिडला दिलेली वीज. उरलेले युनिट पुढच्या महिन्याच्या खात्यात जातात आणि हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटी मिटतो. एप्रिल-मे मध्ये कडक उन्हात साठलेले युनिट जून ते सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांत उपयोगी पडतात, त्यामुळे एखाद्या महिन्याच्या बिलावरून यंत्रणेची पारख करू नये. बिल शून्यही होत नाही. स्थिर आकार द्यावाच लागतो.

वीज गेली की बॅटरी नसलेली यंत्रणाही बंद पडते, भर दुपारी लख्ख ऊन असले तरी. हा दोष नसून सुरक्षेची सोय आहे. छतावरची वीज तारांमध्ये वाहत राहिली, तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाईल.

जागा प्रत्येक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट लागते, तीही सावली नसलेली. पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या नारळाची सावली एकाच पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली, तरी एकाच मालिकेत जोडलेल्या सगळ्या पॅनेलचे उत्पादन घसरते. त्यामुळे विक्रेत्याला सकाळी दहा आणि दुपारी चार अशा दोन्ही वेळी गच्ची दाखवावी, आणि पॅनेल दक्षिणेकडे कलते बसवून घ्यावेत.

गच्ची स्वतःची नसलेल्या सदनिकाधारकांना सोसायटीमार्फत लाभ मिळतो. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, वाहन चार्जिंग अशा सामायिक वापरासाठी गृहनिर्माण संस्थेला प्रत्येक किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात. मर्यादा ५०० किलोवॉटची, दर घरामागे तीन किलोवॉट या प्रमाणात. यामुळे सदस्यांची घरची बिले कमी होत नाहीत, देखभाल शुल्कातला विजेचा वाटा मात्र कमी होतो. त्यासाठी सर्वसाधारण सभेत ठराव मांडून, गच्चीचा कोणता भाग पॅनेलला द्यायचा आणि पॅनेल धुण्याची जबाबदारी कोणाची, हे इतिवृत्तात नोंदवून घेतले म्हणजे पुढचे वाद टळतात. अनुदानित यंत्रणेची पहिली पाच वर्षे दुरुस्ती विक्रेत्याने करायची असते. धूळ धुणे मात्र वापरणाऱ्याचे काम, आणि ते पॅनेल थंड असताना, म्हणजे सकाळी लवकर करावे.