करड्या-काळ्याची मांडणी

जग ज्या चित्राला 'व्हिसलरची आई' म्हणतं, त्याचं चित्रकाराने ठेवलेलं नाव आहे 'करड्या आणि काळ्या रंगांची मांडणी, क्रमांक १'. जेम्स मॅकनील व्हिसलर या अमेरिकी चित्रकाराने १८७१ साली लंडनच्या चेल्सीतल्या घरी आईला, ॲनाला, समोर बसवून ते रंगवलं. बसलेली बाई आपली कोण, याच्याशी प्रेक्षकांना काय करायचंय, असं तो पुढे ठणकावून सांगत असे.

त्याचं म्हणणं पारखायचं तर छापील प्रत उलटी धरून पाहावी. आई नाहीशी होते, मांडणी उरते. सुमारे १४४ बाय १६२ सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर एका कडेला गडद पडद्याचा उभा पट्टा, भिंतीच्या तळाशी आडवी काळी पट्टी, भिंतीवर टांगलेल्या चित्राचा आयत. (ते चित्र व्हिसलरनेच केलेलं, थेम्सकाठच्या धक्क्याचं एचिंग.) दुसरी चौकट कडेला कापली गेली आहे, त्यामुळे भिंत कॅनव्हासबाहेरही पसरत गेल्यासारखी वाटते. एवढ्या सरळ रेषांत उतरता, वळणदार असा मोठा आकार एकच: काळा झगा. पांढरा मोजक्याच जागी: लेसची टोपी, हातातला रुमाल, चौकटीतला कागद. या तीन ठिकाणांमध्ये नजर येरझारा घालत राहते. रंगही इतका पातळ लावलेला की कापडाची वीण जाणवते.

आता प्रत सुलट करा. ॲनाचा चेहरा फारसं काही बोलत नाही. तरी तिचा करारीपणा आपल्यापर्यंत पोचतो, कारण डोक्यामागे करडी भिंत मोकळी सोडली आहे आणि काळ्याचा सगळा भार खाली आहे. वास्तववादी चित्रात भावना हुबेहूबपणातून येते असं आपण सहज धरून चालतो. इथे ती जागेच्या वाटणीतून आली आहे.

व्हिसलरचं म्हणणं मात्र मला अर्धंच पटतं. हे चित्र पाहून लेखक टॉमस कार्लाइल त्याच्यासमोर बसायला तयार झाले आणि 'मांडणी, क्रमांक २' तयार झाली. तीच बाजूने दिसणारी बैठक, तीच भिंत, तीच तळपट्टी. पण थकलेले कार्लाइल वेगळेच माणूस वाटतात. मांडणी सारखी ठेवली तरी माणूस बदलला की चित्र बदलतं.

१८९१ साली पहिलं चित्र फ्रेंच सरकारने विकत घेतलं. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयाचं आहे. १९३४ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने मातांच्या गौरवार्थ त्यावरून तीन सेंटचं तिकीट काढलं. चित्र कापलं आणि डावीकडे खाली फुलदाणी बसवली. आई तीच राहिली. मोकळी जागा गेली आणि तिच्याबरोबर चित्राचा दरारा गेला. कलावंतांच्या संघटनेने त्याला विद्रूपीकरण म्हटलं. ते अगदी रास्त होतं.