एकाकी दुर्ग आणि अद्भुतरम्य कादंबरी : धारूरच्या संदर्भात एक विवेचन

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील एखादा एकाकी दुर्ग, त्यात कोंडलेली नायिका, दुर्गाच्या गतवैभवाची सावली वागविणारा नायक आणि शेवटी उलगडणारे एखादे कुलरहस्य, ही सामग्री इंग्रजी अद्भुतरम्य कादंबरीने जवळजवळ सव्वादोन शतके वापरली आहे. अ‍ॅन रॅडक्लिफ हिची १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेली पहिलीच कादंबरी स्कॉटलंडमधील अ‍ॅथ्लिन व डनबेन या दोन दुर्गांची कथा आहे. सर वॉल्टर स्कॉटने १८१९ मधील ‘द ब्राइड ऑफ लॅमरमूर’ या कादंबरीत समुद्रकाठच्या एका ओसाड बुरुजाला जवळजवळ पात्राचेच स्थान दिले. लोकप्रिय प्रणयकथांत हे स्थळ अद्यापही लुप्त झालेले नाही.

महाराष्ट्रात दुर्गांची वाण नाही. मराठी कादंबरीच्या आरंभकाळी स्कॉट आणि रेनॉल्ड्स यांचे वाचनही येथे पुष्कळ होते. असे असता एकाकी दुर्गातील प्रणयकथा मराठीत का रुजली नाही, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे. मराठी लेखकांची कल्पनाशक्ती तोकडी पडली, किंवा आपल्या समाजात प्रीतिविवाहच नव्हता, अशी उत्तरे सामान्यतः दिली जातात. परंतु दुर्ग या वस्तूचे स्वरूपच दोन्ही देशांत भिन्न होते, याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. बीड जिल्ह्यातील धारूरचा किल्ला आणि त्याच जिल्ह्यात गावोगावी आढळणाऱ्या गढ्या यांची तुलना केली असता हा भेद स्पष्ट होतो.

प्रथम स्कॉटिश दुर्ग कथेत कोणते कार्य करतो ते पाहू. रॅडक्लिफच्या कादंबरीत अ‍ॅथ्लिनच्या तरुण सरदाराच्या पित्याचा वध डनबेनच्या माल्कमने केलेला आहे. सूड घेण्यास गेलेला हा तरुण डनबेनमध्ये बंदिवान होतो. तेथे माल्कमच्या भावाची विधवा व तिची कन्या लॉरा याही कैदेत असतात. इकडे त्याच्या बहिणीवर अ‍ॅलेन नावाच्या एका शेतकरी तरुणाचे प्रेम आहे. परंतु कुलभेदामुळे तो विवाह अशक्य ठरतो. शेवटी अ‍ॅलेन हाच त्या विधवेचा हरवलेला पुत्र व डनबेनचा खरा वारस असल्याचे उघड होते, आणि दोन्ही विवाह घडून येतात. स्कॉटच्या कादंबरीत याची उलट बाजू आहे. नायक एडगर याच्या घराण्याचा दुर्ग अ‍ॅश्टन घराण्याच्या हाती गेला आहे. ज्याने दुर्ग मिळविला त्याच्याच कन्येवर एडगरचे प्रेम बसते, आणि कथा विनाशाकडे जाते.

या दोन्ही कथांत दुर्गाच्या ठायी दोन गुण एकत्र आलेले आहेत. पहिला गुण वारशाचा. दुर्ग हे एका घराण्याचे घर असून पित्यामागून पुत्राकडे जाणारी मालमत्ता आहे. १६८५ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये घराण्याची जमीन अविभक्त ठेवून ठरावीक क्रमाने एकाच वारसाकडे सोपविण्याच्या पद्धतीस भक्कम आधार मिळाला होता. वारस एकच असल्यामुळे ‘खरा वारस कोण?’ या प्रश्नावर संपूर्ण कथानक उभे राहू शकते. दुसरा गुण एकांताचा. दुर्ग वस्तीपासून दूर असतो. तेथे राजाचा कायदा पोहोचत नाही व शेजाऱ्यांची नजरही पोहोचत नाही. त्यामुळे जुलूम आणि प्रीती या दोन्ही गोष्टी लोकांच्या दृष्टीआड घडू शकतात. वारसा कथेला प्रश्न पुरवितो आणि एकांत तिला अवकाश देतो.

आता धारूरकडे वळू. बालाघाटच्या डोंगररांगेत, तीन बाजूंनी खोल दऱ्या असलेल्या एका सोंडेवर हा किल्ला उभा आहे. गावाच्या बाजूने खंदक आहे. स्थळाच्या दृष्टीने पाहता अद्भुतरम्य कथेस याहून अनुकूल जागा सापडणे कठीण. परंतु किल्ल्याचा इतिहास मात्र निराळाच आहे. विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार किश्वरखान याने १५६७ च्या सुमारास तो निजामशाही सरहद्दीवर बांधला. १५६९ मध्ये मुर्तझा निजामशहाने तो घेतला. या प्रसंगाची हकीकत फिरिश्त्याने दिली आहे. किश्वरखानाच्या उद्दाम पत्राने संतापलेल्या सुलतानाने किल्ला सर केल्यावाचून रिकिबीतून पाय काढणार नाही अशी प्रतिज्ञा केली, आणि हल्ल्यात किश्वरखान बाण लागून मारला गेला. १६३०-३१ च्या मोहिमेत मोगलांनी किल्ला जिंकला. अठराव्या शतकात तो आसफजाही राज्यात गेला आणि १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानाबरोबर भारतीय संघराज्यात आला.

प्रतिज्ञा, वेढा, अवचित लागलेला बाण, इतके नाट्य या इतिहासात आहे. पण त्यात घराणे नाही. ज्याने किल्ला बांधला तो तेथे दोन वर्षेही सुखाने नांदला नाही, आणि नांदता तरी किल्ला त्याच्या मुलाचा झाला नसता. दख्खनमधील किल्ला हे राज्याचे ठाणे होते. किल्लेदार हुकमाने येई आणि हुकमाने बदलून जाई. शिवाजी महाराजांनी तर किल्ल्यावर हवालदार, सबनीस व कारखानीस असे परस्परांवर लक्ष ठेवणारे अधिकारी नेमले, ते किल्ला कोणा एकाच्या मुठीत जाऊ नये म्हणूनच. धारूरला पुढे ‘फतेहाबाद’ असे नाव मिळाले. हे नाव विजयाचे आहे, कुळाचे नव्हे. अशा स्थळी हरवलेला वारस परत येऊन काय मागणार? किल्ल्याच्या ठायी एकांत होता, परंतु वारसा नव्हता.

वारसा होता तो गढीत. मराठवाड्यातील देशमुख, देशपांडे, पाटील या वतनदारांच्या गढ्या गावठाणात, बहुधा उंचवट्यावर बांधलेल्या असत. पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, कोपऱ्यांवर बुरूज, एक भक्कम दरवाजा व त्यातील दिंडी, आत चौक, सोपे, धान्याची बळदे आणि पेवे अशी त्यांची सर्वसाधारण रचना आढळते. गढीचा मालक नेमणुकीने येत नसे. वतनाबरोबर ती पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुळात राही. या अर्थाने स्कॉटिश दुर्गाचा खरा सजातीय किल्ला नसून गढी होय.

परंतु गढीला एकांत नव्हता. तिच्या भोवती गाव होते. बारा बलुतेदारांचा राबता तिच्या दरवाजातून चाले. आत सुना, नणंदा, चुलत्या, आश्रित यांचे गजबजलेले घर असे. गढीत कुणाला महिनोन्‌महिने कोंडून ठेवावे आणि गावाला पत्ता लागू नये, हे संभवनीय नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. येथे मिताक्षरा धर्मशास्त्राप्रमाणे प्रत्येक पुत्रास जन्मतःच वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क प्राप्त होई. वडीलकीचा मान थोरल्या शाखेकडे राहिला, तरी उत्पन्न भाऊबंदांत वाटले जाई. अशा व्यवस्थेत हरवलेला मुलगा परत आला, तर त्याने कोणतेही कोडे सुटत नाही. उलट आणखी एक वाटेकरी उत्पन्न होतो! स्कॉटिश कथेत वारसाचे आगमन हा कथेचा शेवट असतो. गढीत ते भाऊबंदकीचा आरंभ ठरते.

सारांश, स्कॉटिश दुर्गात एकत्र असलेले दोन गुण आपल्याकडे विभागले गेले होते. एकांत किल्ल्याच्या वाट्यास आला आणि वारसा गढीच्या. ही विभागणी ध्यानात घेतली म्हणजे मराठी कादंबरीकारांनी केलेल्या तडजोडींचा अर्थ लागतो.

नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत आपल्या समाजातील विवाहाच्या व इतर रूढींमुळे चित्तवेधक कथेस विषयच उरत नाही, असे कारण सांगितले होते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाले’ने (१८६१) कथा कल्पित राज्यांत नेली. कल्पित राज्यात दुर्ग कोणाचा हा प्रश्न अडचणीचा ठरत नाही. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी ‘मोचनगडा’त (१८७१) शिवकालाची पार्श्वभूमी घेतली, मात्र गड कल्पिला. त्या नावातच मुक्तीचा अर्थ असून तेथे गडाचे भवितव्य स्वराज्याच्या उदयाशी जोडले जाते. गड कोणत्या घराण्याचा, याऐवजी तो कोणत्या राज्याचा, हा प्रश्न कथेच्या मध्यभागी येतो.

हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ (१९०३) या कादंबरीत हे रूपांतर पूर्ण झालेले दिसते. कोंडाण्यावर उदयभानूच्या कैदेत असलेली कमलकुमारी ही बाह्यतः स्कॉटिश दुर्गातील बंदिनीच होय. परंतु उदयभानू हा मोगलांनी नेमलेला किल्लेदार आहे. त्याचा पराभव कोणा वारसाच्या प्रकटीकरणाने होत नाही, तर १६७० मधील तानाजीच्या हल्ल्याने होतो. शिवाय तानाजीच्या परंपरागत कथेत पुत्राचा विवाह बाजूला ठेवून पिता गडाकडे निघतो. स्कॉटिश कथेत दुर्ग विवाहाचा मार्ग मोकळा करतो. येथे दुर्ग विवाहाला थांबवितो. ज्या देशात दुर्ग राज्याचा आहे, त्या देशात प्रीतीपेक्षा राजकर्तव्य वरचढ ठरावे हे क्रमप्राप्त होते.

याला अपवाद शोधावयाचा, तर तो एका परकीय लेखकाचा सापडण्याचा संभव. निजामाच्या सेवेत आयुष्य घालविलेला फिलिप मेडोज टेलर हा १८५३ नंतर बीडच्या शेजारच्या नळदुर्ग भागाचा अधिकारी होता आणि नळदुर्गच्या किल्ल्यात त्याने वास्तव्य केले होते. त्याची ‘तारा’ ही कादंबरी १८६३ मध्ये एडिंबरो येथील ब्लॅकवुड यांनी, म्हणजे स्कॉटिश प्रकाशकांनीच, प्रसिद्ध केली. तिच्यात तुळजापूरच्या पुरोहिताची कन्या आणि अफझलखानाचा पुत्र फाजल यांची प्रीती आहे. स्वतः किल्ल्यात राहिलेल्या या लेखकाने कथेचा आरंभ मात्र किल्ल्यात न करता तुळजापूरच्या देवस्थानाशी केला. दख्खनमध्ये निरनिराळ्या कुळांची व धर्मांची माणसे एकमेकांस भेटतात ती यात्रेत, देवळात किंवा फौजेच्या वाटेवर, हे त्याने प्रत्यक्ष पाहिले होते. परकीय लेखकासही दुर्गाची स्कॉटिश भूमिका येथे जशीच्या तशी उतरविता आली नाही, हे सूचक आहे.

वारशाचे घर मराठी साहित्यात आले ते उशिरा आणि वेगळ्या रूपात. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकात विदर्भातील देशपांड्यांचा ढासळता वाडा आहे. तेथील मुख्य प्रश्न वाटणीचा व दागिन्यांचा आहे. घरातील तरुण मुलगी रंजू हिला आपल्या प्रेमासाठी वाड्यात जागा सापडत नाही. ती दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर मुंबईस पळून जाते. वारशाच्या घरात एकांत नसतो, हा गढीचा नियम येथेही लागू पडतो.

प्रारंभीच्या मराठी कादंबरीस ‘परकीयांचे अनुकरण’ म्हणून निकालात काढण्याची प्रथा आपल्या समीक्षेत जुनी आहे. अनुकरण झाले हे खरे. परंतु अनुकरणात जे उतरले नाही, त्याचे कारण लेखकांच्या दुबळेपणात न शोधता जमीन, वारसा आणि राज्यसंस्था यांच्या रचनेत शोधावयास हवे. वाङ्मयप्रकार एका देशातून दुसऱ्या देशात जातो, तेव्हा त्याबरोबर तेथील मालमत्तेचा कायदा जात नाही. त्या कायद्यावाचून प्रकाराचा जो भाग उभा राहू शकत नाही, तो वाटेतच गळून पडतो किंवा त्याचे रूपांतर होते.

या दृष्टीने संशोधनास एक क्षेत्र मोकळे आहे. १९४९ मध्ये हैदराबाद संस्थानातील जहागिऱ्या रद्द झाल्या आणि त्यामागोमाग इनामे व वतनेही गेली. तेव्हापासून अनेक गढ्यांच्या भिंती पावसाने खचल्या, आणि त्यांची पांढरी माती गावकऱ्यांनी माळवदांवर घालण्यासाठी नेली. त्या भिंतींबरोबर भाऊबंदकीच्या, पळून गेलेल्या लेकीसुनांच्या व बुजविलेल्या पेवांच्या कथाही नाहीशा होत आहेत. बीड जिल्ह्यातील अशा कथा गावनिहाय नोंदवून घेतल्यास, मराठी प्रणयकथेला दुर्ग का मिळाला नाही याबरोबरच तिने कोणते घर निवडले, या प्रश्नाचेही उत्तर मिळू शकेल. हे काम पुढील पिढीवर टाकण्याजोगे नाही. कारण त्या कथा सांगणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत.