साथीत लोकमत मोजताना

साथरोगाच्या काळात रुग्ण किती, रिकाम्या खाटा किती, मृत्यू किती, हे आकडे सरकारकडे रोज येतात. लोक धास्तावले आहेत की निर्ढावले आहेत, लस घ्यायची त्यांची तयारी आहे का, डॉक्टरच्या सांगण्यावर त्यांचा अधिक विश्वास आहे की मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांवर, हे मात्र कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत सापडत नाही. ते लोकांनाच विचारावे लागते. शिवाय साथीत मत आठवड्यागणिक पालटते. त्यामुळे तोच प्रश्न त्याच शब्दांत ठरावीक अंतराने विचारत राहिले, तरच त्यातले चढउतार दिसतात.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती तेव्हा असे साधन नव्हते. देशी वृत्तपत्रांत काय छापून येते याचे साप्ताहिक अहवाल मुंबई सरकार तयार करवून घेई. घरझडत्या आणि सक्तीच्या विलगीकरणाविषयीचा संताप त्या वृत्तपत्रांत उघड दिसत होता. तो किती घरांत साचला आहे, हे सांगणारे मोजमाप मात्र कोणाकडे नव्हते. २२ जूनच्या रात्री प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्यावर गोळी झाडली गेली.

दूरध्वनी घरोघरी पोहोचल्यावर हे मोजमाप काही दिवसांत उरकता येऊ लागले. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये स्वाइन फ्लू शिरला, तेव्हा ८ ते १२ मे या पाच दिवसांत ९९७ प्रौढांना फोनवरून प्रश्न विचारण्यात आले. सुचवलेली काही ना काही खबरदारी घेतल्याचे सुमारे ३८ टक्के लोकांनी सांगितले. या आकड्यापेक्षा त्यामागची कारणे अधिक कामाची होती. साथीचा उगाच गवगवा चालला आहे असे मानणारे लोक सवयी बदलायला फारसे तयार नव्हते. अमुक केल्याने धोका खरोखर कमी होतो हे ज्यांना पटले होते, ते बदलत होते. जाहिरातीत भीती घालावी की उपाय समजावून सांगावा, हे अशा उत्तरांवरून ठरवता येते.

कोविडच्या साथीत हे काम नियमितपणे झाले ते जर्मनीत. एरफुर्ट विद्यापीठातील कॉर्नेलिया बेट्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे तिथे निर्बंध लागण्यापूर्वीच, ‘कॉस्मो’ ही पाहणी सुरू केली. दर खेपेला सुमारे एक हजार लोक ऑनलाइन उत्तरे देत. आधी दर आठवड्याला, पुढे पंधरवड्याने. उत्तरे देणाऱ्यांचे वय, लिंग आणि राज्य यांचे प्रमाण देशाच्या लोकसंख्येशी जुळेल अशी निवड असे, आणि निष्कर्ष लगेच सर्वांसाठी खुले होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने याच धर्तीवर प्रश्नावली तयार करून इतर देशांना दिली. एप्रिलअखेर जर्मन राज्यांनी मास्क सक्तीचा केला. सक्तीने लोक बिथरतील अशी धास्ती होती, पण मास्क वापरणाऱ्यांचे प्रमाण चांगलेच वाढल्याचे या पाहणीत दिसले. सोबतच्या एका प्रयोगात तर मास्क ऐच्छिक ठेवणे हेच लोकांना कमी न्याय्य वाटले.

लोक खरे सांगतात का, ही शंका या सगळ्यात असतेच. नियम मोडल्याचे अनोळखी माणसापुढे कबूल करायला कोणाला आवडते? कोविडच्या काळात १२ देशांत यावर एक प्रयोग झाला. काही लोकांना प्रश्नाआधी ‘काहींना सवयी बदलणे जमले, काहींना जमले नाही’ अशा अर्थाची छोटी प्रस्तावना दिली आणि उत्तरांचे पर्यायही जरा सौम्य ठेवले. एवढ्याने नियम न पाळल्याची कबुली देणाऱ्यांचे प्रमाण वाढले.

याहून मोठी चूक नमुना निवडताना होते. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत तळातले आहे की वरचे, यावर ती अवलंबून असते. अमेरिकेत २०२१ च्या वसंतात लसीकरण वेग घेत असताना तीन पाहण्या एकाच वेळी चालू होत्या. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या गटाने फेसबुकच्या साहाय्याने चालवलेल्या पाहणीत आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरे येत. जनगणना विभागाच्या पाहणीत दर पंधरवड्याला सुमारे ७५ हजार, तर ॲक्सिऑस आणि इप्सॉस यांच्या पाहणीत जेमतेम एक हजार. मे महिन्यात या आकड्यांची सरकारी लसीकरणाच्या नोंदींशी तुलना केली, तेव्हा पहिली पाहणी १७ टक्के बिंदूंनी आणि दुसरी १४ टक्के बिंदूंनी लसीकरण जास्त दाखवत होती. सत्याच्या जवळ होती ती हजार माणसांची.

डिसेंबर २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये हे विश्लेषण प्रसिद्ध झाले, हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ शाओ-ली मेंग त्याच्या लेखकांपैकी एक. एप्रिलमधील चूक लक्षात घेतली, तर फेसबुकवरच्या त्या अडीच लाख उत्तरांची अचूकता यदृच्छेने निवडलेल्या अवघ्या १० माणसांच्या उत्तरांइतकीच भरते, असा त्यांचा हिशेब होता. फेसबुकवर निमंत्रण दिसलेल्यांपैकी शंभरात एखादाच उत्तर देई, आणि देणाऱ्यांत शिकलेले लोक अधिक. उत्तरांना वजन देताना वय आणि लिंग पाहिले गेले. शिक्षण आणि वंश नाही. छोट्या पाहणीतले लोक मात्र पत्त्यांच्या यादीतून यदृच्छेने निवडलेले होते, आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हते त्यांना ते पुरवण्यात आले होते. नमुना मोठा असला की चुकीची मर्यादा कागदावर अगदी अरुंद दिसते, त्यामुळे चुकलेला आकडाही छातीठोकपणे सांगितला जातो. आपली पाहणी कल आणि प्रदेशांमधला फरक टिपण्यासाठी होती, एकूण प्रमाण काढण्यासाठी नव्हे, असे पहिल्या पाहणीच्या कर्त्यांचे म्हणणे होते. ते खोटे नाही; पण बातमीत आकडा छापून येतो तेव्हा हा भेद कोणी छापत नाही.

जर्मनीत याच वर्षी वेगळाच पेच पडला. रॉबर्ट कोख संस्थेच्या फोनवरील पाहणीत लस घेतलेल्यांचे प्रमाण सरकारी नोंदींपेक्षा बरेच अधिक निघाले. चूक या वेळी दोन्हीकडे होती. नोंदींत काही मात्रा सुटल्या होत्या आणि खरे प्रमाण ५ टक्के बिंदूंपर्यंत अधिक असू शकेल, असे संस्थेने ऑक्टोबरमध्ये जाहीर केले. दुसरीकडे, मुलाखती फक्त जर्मन भाषेत होत असल्याने ती भाषा न येणारे स्थलांतरित पाहणीबाहेर राहत होते.

भारतात फोनवरून मत विचारायचे, तर पहिली अडचण फोन कोणाच्या हातात आहे ही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के होत्या. घरातला पुरुष फोन उचलतो आणि घराचे म्हणून जे मत नोंदले जाते, ते त्याचे एकट्याचे असू शकते. दारोदार जाण्याने ही उणीव भरून निघते, पण साथीत दारात जाणे हाच धोका. त्यामुळे २०२० मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने आफ्रिकेतील इथिओपिया, नायजेरिया, मलावी अशा देशांत झालेल्या पाहण्यांत एक मधला मार्ग काढला गेला: साथीपूर्वीच्या सर्वेक्षणात प्रत्यक्ष भेट झालेल्या कुटुंबांनाच फोन करायचे. अशा कुटुंबांचे शिक्षण, उत्पन्न, घराची स्थिती आधीच नोंदलेली असते, त्यामुळे कोण गळाले हे नेमके कळते. फोनच नसलेली घरे त्यातूनही निसटतात. त्यांच्यासारखीच परिस्थिती असलेल्या, पण फोन असलेल्या घरांच्या उत्तरांना अधिक वजन देऊन ती तूट जमेल तेवढी भरून काढली जाते.