विषाणूजन्य यकृतदाह आणि यकृताचा कर्करोग

विषाणूंच्या संसर्गामुळे यकृताला येणाऱ्या सुजेस विषाणूजन्य यकृतदाह किंवा हिपॅटायटिस असे म्हणतात. बोलीभाषेत त्याला सरसकट 'कावीळ' म्हटले जाते. हा आजार घडवणारे ए, बी, सी, डी आणि ई असे पाच प्रमुख विषाणू ज्ञात आहेत. त्यांपैकी बी आणि सी या दोन विषाणूंचा संसर्ग दीर्घकाळ टिकल्यास यकृताचा कर्करोग होऊ शकतो, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनाने सिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या दोन्ही विषाणूंना मानवी कर्करोगाचे निश्चित कारण मानले. बी विषाणूविरुद्धची लस ही कर्करोग टाळणारी पहिली लस समजली जाते.

कावीळ आणि यकृतदाह यांतील फरक

कावीळ हा स्वतंत्र रोग नसून ते एक लक्षण आहे. रक्तातील बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याचे प्रमाण वाढले की डोळे, त्वचा व लघवी पिवळी दिसते. पित्तनलिकेतील खडे, काही औषधे, अतिमद्यपान, रक्तपेशींचा नाश अशा अनेक कारणांनी कावीळ होते. यकृतदाहाचे विषाणू हे त्यांपैकी एक कारण होय.

ए आणि ई हे विषाणू दूषित पाणी व अन्न यांतून पसरतात. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात आणि या विषाणूंमुळे कर्करोग होत नाही. मात्र गरोदर स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, ई विषाणू प्राणघातक ठरू शकतो. बी आणि सी हे विषाणू रक्तावाटे पसरतात. बी विषाणू लैंगिक संबंधांतून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाकडेही जातो. डी विषाणू केवळ बी विषाणूच्या सोबतीनेच वाढू शकतो. बी विषाणूच्या आजाराला महाराष्ट्रात अनेक ठिकाणी 'पांढरी कावीळ' म्हणतात. डोळे पिवळे न होताही आजार आत चालू राहतो, ही गोष्ट या नावातून सूचित होते.

संशोधनाचा इतिहास

अमेरिकी वैज्ञानिक बारुख ब्लमबर्ग हे निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील आनुवंशिक भेदांचा अभ्यास करीत होते. वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या एका रुग्णाच्या रक्तद्रवाची ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तद्रवाशी विशिष्ट प्रक्रिया होते, असे त्यांना व हार्वे आल्टर यांना आढळले. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधातील प्रथिनाला 'ऑस्ट्रेलिया प्रतिजन' असे नाव मिळाले. त्याचा संबंध यकृतदाहाशी आहे, हे पुढील दोन-तीन वर्षांत स्पष्ट झाले. हे प्रथिन म्हणजे बी विषाणूचे बाह्य आवरण होते. १९७० मध्ये ब्रिटनमधील डेव्हिड डेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण विषाणूकण पाहिला. ब्लमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जागतिक यकृतदाह दिन म्हणून पाळला जातो.

ए आणि बी विषाणूंच्या चाचण्या उपलब्ध झाल्यावरही रक्त दिल्यानंतर होणाऱ्या यकृतदाहाच्या अनेक रुग्णांत या दोहोंपैकी एकही विषाणू सापडत नसे. आल्टर यांनी या अज्ञात आजाराचा चिकाटीने पाठपुरावा केला. १९८९ मध्ये मायकेल हॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय तंत्राने सी विषाणू ओळखला. हा एकटा विषाणू आजार घडवण्यास पुरेसा आहे, हे चार्ल्स राइस यांनी दाखवून दिले. या तिघांना २०२० चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

कर्करोगाशी संबंधाचा पुरावा

यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांत बी विषाणू वारंवार आढळतो, हे १९७० च्या दशकात लक्षात आले होते. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. विषाणूमुळे कर्करोग झाला की कर्करोगाने दुबळ्या झालेल्या शरीरात विषाणू शिरला, हा प्रश्न शिल्लक होता. त्याचे उत्तर मिळवायचे तर निरोगी माणसांपासून आरंभ करून त्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणे आवश्यक होते.

पामर बीसली व त्यांच्या सहकाऱ्यांनी तैवानमध्ये २२,७०७ पुरुषांचा असा मागोवा घेतला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, रक्तात बी विषाणूचे प्रतिजन असलेल्यांना यकृताचा कर्करोग होण्याचा धोका ते नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे २२३ पट होता. संसर्ग आधी आणि कर्करोग नंतर, हा क्रमही त्यातून सिद्ध झाला. याच सुमारास कर्करोगाच्या पेशींमधील मानवी डीएनएत विषाणूचा डीएनए मिसळलेला आढळला.

सर्वांत बोलका पुरावा लसीकरणातून मिळाला. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना बी विषाणूची लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण १९८१-८६ या काळात दर लाखामागे ०.७० होते, १९९०-९४ मध्ये ते ०.३६ वर आले. कारण दूर केले की परिणामही घटतो, हे यातून दिसून आले.

कर्करोग कसा होतो

बी आणि सी हे विषाणू यकृताच्या पेशींना सहसा थेट मारत नाहीत. शरीराची प्रतिकारशक्ती संसर्ग झालेल्या पेशींवर हल्ला करते आणि त्यात पेशी नष्ट होतात. त्यांच्या जागी नव्या पेशी तयार होतात. नाश आणि पुनर्निर्मितीचे हे चक्र वीस-तीस वर्षे चालू राहिले की यकृतात व्रणासारखे तंतू साठतात आणि ते कठीण व गाठाळ बनते. या अवस्थेला सिरोसिस म्हणतात. सतत विभाजन होणाऱ्या पेशींच्या डीएनएत चुका साचत जातात आणि त्यांतील एखादी पेशी कर्करोगाची होते.

दोन्ही विषाणूंच्या मार्गांत महत्त्वाचा भेद आहे. सी विषाणूची जनुकीय सामग्री आरएनए या स्वरूपाची असून ती मानवी डीएनएत मिसळत नाही. त्यामुळे या संसर्गातून होणारा कर्करोग बहुधा सिरोसिसच्या मार्गानेच येतो. बी विषाणूचा डीएनए मात्र पेशीच्या डीएनएत शिरून पेशीच्या वाढीचे नियंत्रण बिघडवू शकतो. म्हणून बी विषाणूच्या रुग्णाला सिरोसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो. मद्यपान, लठ्ठपणा, मधुमेह आणि तंबाखू यांमुळे धोका वाढतो. दमट जागी साठवलेल्या भुईमूग व मका यांवरील बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष बी विषाणूच्या जोडीने विशेष घातक ठरते.

संसर्गाचे वयही निर्णायक असते. जन्माच्या वेळी बी विषाणूची लागण झालेल्या बालकांपैकी सुमारे ९० टक्के बालकांत संसर्ग कायमचा राहतो; प्रौढपणी लागण झालेल्यांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते.

भारत आणि महाराष्ट्र

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २५.४ कोटी लोकांना बी आणि ५ कोटी लोकांना सी विषाणूचा दीर्घकालीन संसर्ग होता. त्यांपैकी भारतात बी विषाणूचे सुमारे २.९८ कोटी आणि सी विषाणूचे सुमारे ५५ लाख रुग्ण होते.

या विषयातील भारतीय संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे स्थान महत्त्वाचे आहे. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेने १९८१ मध्ये कोल्हापूर शहरात पाण्यातून पसरलेल्या काविळीच्या साथीचा अभ्यास केला. भारतातील अशा मोठ्या साथी ए विषाणूमुळे नव्हे, तर पुढे ई या नावाने ओळखल्या गेलेल्या विषाणूमुळे येतात, हे या व अशा इतर अभ्यासांतून स्पष्ट होत गेले. पाण्यातून पसरणारी, बहुतांशी बरी होणारी कावीळ आणि रक्तातून पसरणारी, यकृतात ठाण मांडणारी कावीळ यांना वेगळे करता येणे हा प्रतिबंधाचा पाया ठरला.

कर्करोगाच्या नोंदी ठेवण्याचे कामही महाराष्ट्रात लवकर सुरू झाले. मुंबईत १९६३ पासून लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी होते. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातील कर्करोगाचे चित्र त्यामुळे प्रथमच आकड्यांत मांडता आले.

लसीकरण

बी विषाणूची पहिली लस १९८१ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. ती संसर्ग झालेल्या व्यक्तींच्या रक्तद्रवापासून बनवली जात असे. १९८६ मध्ये यीस्ट पेशींत तयार केलेली, रक्ताचा अंश नसलेली लस आली. आयात लस सामान्य कुटुंबाला न परवडणारी होती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने १९९७ मध्ये स्वदेशी लस आणली. पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसह अन्य उत्पादकही या क्षेत्रात आले आणि किंमत उतरली.

सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस प्रथम काही शहरांत व जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर, २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत आणि २०११ पासून देशभर समाविष्ट झाली. पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत आणि पुढील मात्रा पंचगुणी लसीतून ६, १० व १४ आठवड्यांना दिल्या जातात. जन्माच्या मात्रेचे महत्त्व विशेष आहे, कारण आईकडून आलेला संसर्ग पुढच्या मात्रेची वाट पाहत नाही. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीसारख्या ग्रामीण तालुक्यांत प्रसूती दवाखान्यात होणे आणि तेथेच बाळाला ही मात्रा मिळणे, यांवर त्या बाळाचे चाळीस वर्षांनंतरचे आरोग्य अवलंबून असू शकते. सी विषाणूवर अद्याप लस नाही.

निदान आणि उपचार

साध्या रक्तचाचणीने दोन्ही संसर्ग ओळखता येतात. सी विषाणूचा संसर्ग आता तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी साधारणतः १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत पूर्ण बरा होतो. सोफोसबुविर हे यांतील प्रमुख औषध २०१३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, तेव्हा एका उपचाराची किंमत ८४,००० डॉलर होती. भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने मिळाल्यावर भारतात ती अनेक पटींनी खाली आली. बी विषाणूचा समूळ नाश करणारे औषध उपलब्ध नाही. तथापि टेनोफोविर व एन्टेकाविर यांसारख्या गोळ्या नियमित घेतल्यास विषाणू दबून राहतो आणि कर्करोगाचा धोका कमी होतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात चाचणी व औषधे मोफत दिली जातात.

सिरोसिस झालेल्या रुग्णाने विषाणू गेल्यानंतरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घेणे आवश्यक असते. गाठ लहान असताना सापडल्यास शस्त्रक्रिया, गाठ जाळणे किंवा यकृत प्रत्यारोपण यांनी रोग बरा होण्याची शक्यता असते.

गैरसमज आणि प्रतिबंधातील अडचणी

कावीळ 'उतरवण्यासाठी' गळ्यात माळ घालणे, चुन्याच्या पाण्यात हात धुणे, डाग देणे, नाकात रस सोडणे असे उपाय ग्रामीण भागात प्रचलित आहेत. ए आणि ई विषाणूंची कावीळ आपोआपच बरी होत असल्याने त्याचे श्रेय या उपायांना मिळते. बी आणि सी विषाणूंच्या संसर्गात डोळ्यांचा पिवळेपणा गेला, तरी विषाणू गेलेला नसतो. रुग्ण बरा झाल्याचे समजून तपासणी टाळतो आणि आजार थेट सिरोसिस किंवा कर्करोगाच्या अवस्थेत उघड होतो.

अनावश्यक इंजेक्शनांचा आग्रह हा दुसरा धोका आहे. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा येथे बी विषाणूची घातक साथ आली. वापरलेल्या सुया व सिरिंज पुन्हा वापरल्याने ती पसरली होती. सामायिक वस्तरा, निर्जंतुक न केलेल्या सुईने गोंदणे आणि तपासणी न केलेले रक्त यांतूनही संसर्ग होतो. याउलट एकत्र जेवल्याने, हस्तांदोलनाने, कपडे धुतल्याने किंवा शेजारी बसल्याने बी वा सी विषाणू पसरत नाही. त्यामुळे रुग्णाचे ताट वेगळे काढण्यास किंवा या कारणावरून लग्न व नोकरी नाकारण्यास वैद्यकीय आधार नाही. विवाहापूर्वी जोडीदाराला लस देता येते आणि बाधित मातेच्या बाळाला जन्मतः लस व इम्युनोग्लोबुलिन देऊन बहुतेक वेळा वाचवता येते.